बॅकएंडची लँग्वेज कोणती? डेव्हलपरला ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा



तुम्ही वेबसाइट किंवा ॲप बनवायचं ठरवलंय. तीन जणांकडून कोटेशन मागवलंत. पहिला म्हणतो, "सर, पीएचपीमध्ये करू, स्वस्तात होईल." दुसरा म्हणतो, "पीएचपी आता कोण वापरतं? नोडमध्येच करा." तिसरा म्हणतो, "फ्युचर पायथनचं आहे, एआय आलंय ना!" तिघांचे आकडे वेगळे, मुदती वेगळ्या, आणि प्रत्येक जण बाकीच्या दोघांना आउटडेटेड ठरवून मोकळा.

तुमचा धंदा मसाल्यांचा असेल, क्लासेसचा असेल, नाहीतर टूर्सचा. कॉम्प्युटर सायन्स तुम्ही शिकलेला नाहीत. पण पैसे तुमचे जाणार आहेत. बरेचदा ते बचतीचे असतात, कधी मुद्रा लोनचे. आणि दोन वर्षांनी तोच डेव्हलपर फोन उचलेनासा झाला, तर अडकणार तुम्हीच.

म्हणून आजचा विषय थोडा टेक्निकल असला तरी घाबरू नका. कोडची एकही ओळ न लिहिता आपण तीन गोष्टी समजून घेऊ. बॅकएंडच्या लँग्वेज लोकप्रिय कशा होतात आणि मागे का पडतात? त्याचा तुमच्या धंद्याशी संबंध किती? आणि डेव्हलपरशी बोलताना तुम्ही कशावर अडून बसायचं?

बॅकएंड म्हणजे नेमकं काय?

हॉटेलचं उदाहरण घेऊ. गिऱ्हाईक येतं, टेबलावर बसतं, मेन्यू कार्ड बघतं. हे झालं फ्रंटएंड. आत किचनमध्ये ऑर्डर पोहोचते, माल आहे की नाही ते बघितलं जातं, पदार्थ तयार होतो, बिल बनतं, गल्ल्यात पैसे जमा होतात. हे झालं बॅकएंड.

तुमच्या ॲपवर कुणी "दोन किलो काळा मसाला" अशी ऑर्डर टाकली, की स्टॉक तपासणं, दर काढणं, पेमेंट झालं का ते बघणं, इनव्हॉइस तयार करणं, मेसेज पाठवणं ही सगळी कामं बॅकएंड करतो. हे काम सर्व्हरवर चालतं. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही आणि ते कुठल्या लँग्वेजमध्ये लिहिलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. मिसळ खाणारा माणूस आत कुठल्या कंपनीची शेगडी आहे हे विचारतो का? तसंच.

पण हॉटेलमालकाला मात्र शेगडीची काळजी असते. गॅस किती लागतो, बिघडली तर दुरुस्ती करणारा गावात मिळतो का, पार्ट मिळतात का. बॅकएंडच्या लँग्वेजकडेही मालकाने याच नजरेने बघायचं.

तीस वर्षांत किती राजे आले आणि गेले

आता थोडा इतिहास. यातूनच पुढचा हिशेब कळणार आहे.

वेबसाइट नवीन होत्या तेव्हा, म्हणजे १९९० च्या दशकात, बॅकएंडसाठी पर्ल नावाची लँग्वेज जोरात होती. लॅरी वॉल यांनी ती १९८७ मध्ये आणली होती, तीही मुळात मजकुरावर प्रक्रिया करण्यासाठी. वेबसाइटला नेमकं तेच हवं होतं, म्हणून ती चालली. बुकिंग डॉट कॉमसारखी कंपनी पर्लवर उभी राहिली.

मग आली पीएचपी. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःचा ऑनलाइन रेझ्युमे किती जण बघतात हे मोजण्यासाठी छोटे प्रोग्राम लिहिले आणि १९९५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुले केले. नाव होतं पर्सनल होम पेज टूल्स. पीएचपी शिकायला सोपी होती आणि स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर चालत होती. २००३ मध्ये पीएचपीमध्ये लिहिलेलं वर्डप्रेस आलं, २००४ मध्ये फेसबुकही पीएचपीमध्येच सुरू झालं. पर्ल हळूहळू बाजूला पडली.

त्याच काळात बँका, विमा कंपन्या आणि मोठ्या उद्योगांत जावा आणि मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट बसलं. जावा १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने आणली होती. आपल्याकडच्या मोठ्या आयटी कंपन्यांना परदेशातून मिळणारं कामही बरंचसं याच दोन्हीतलं. म्हणून पुण्यात अनेक वर्षं "जावा की डॉट नेट?" हाच क्लास लावणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न असायचा.

२००४ मध्ये रुबी ऑन रेल्स आलं. डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी ते बेसकॅम्प नावाचं सॉफ्टवेअर बनवता बनवता तयार केलं. पुढच्याच वर्षी त्यांनी एका डेमो व्हिडिओत १५ मिनिटांत ब्लॉग बनवून दाखवला आणि स्टार्टअपवाले वेडे झाले. ट्विटर २००६ मध्ये रेल्सवर सुरू झालं, गिटहब आणि शॉपिफायसुद्धा.

२००९ मध्ये रायन डाल यांनी नोड जेएस आणलं. तोपर्यंत जावास्क्रिप्ट मुख्यतः ब्राउझरमध्ये, म्हणजे पुढच्या बाजूला चालायची. आता तीच लँग्वेज मागेही चालायला लागली. एकच माणूस पुढचं आणि मागचं दोन्ही काम करू शकतो, हे मालकांना एकदम पटलं. त्याच वर्षी गूगलने गो ही लँग्वेज जाहीर केली. डॉकर आणि कुबरनेटिस ही आजच्या क्लाउडची महत्त्वाची हत्यारं गोमध्येच लिहिलेली आहेत.

आणि पायथन? ती तर १९९१ पासून आहे. बॅकएंडसाठीचं तिचं जँगो हे फ्रेमवर्क अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात तयार झालं आणि २००५ मध्ये खुलं झालं. इन्स्टाग्राम जँगोवर उभं राहिलं. पुढे डेटा सायन्स आणि एआयची लाट आली आणि पायथन सगळ्यांच्या तोंडी झाली.

लक्षात घ्या, इथे कुणी एका रात्रीत राजा झालेला नाही आणि कुणी एका रात्रीत संपलेलाही नाही.

लोकप्रियता बदलते ती कशामुळे?

बरेच जण समजतात की जी लँग्वेज जास्त चांगली, ती जिंकते. खरं तर बाजारात जे चालतं तेच इथेही चालतं. मुख्य कारणं पाच.

१. नवीन गरज. मोबाइल ॲप आले, लाइव्ह चॅट आलं, एआय आलं. प्रत्येक नव्या गरजेबरोबर त्या कामाला सोयीची असलेली लँग्वेज वर येते.

२. रेडिमेड सामान. वर्डप्रेसने पीएचपीला, रेल्सने रुबीला, जँगोने पायथनला हात दिला. मसाला कुटून देणारा शेजारी असेल तर स्वयंपाक लवकर होतो, तसं फ्रेमवर्क असलं की काम लवकर होतं.

३. खर्च. पीएचपी लहान गावांपर्यंत पोहोचली ती स्वस्त होस्टिंगमुळे. आजही साधी पीएचपी साइट शेअर्ड होस्टिंगवर आरामात चालते. नोड, पायथन किंवा जावासाठी बहुतेक वेळा स्वतंत्र सर्व्हर घ्यावा लागतो आणि तो सांभाळणारा माणूसही लागतो.

४. माणसांचा पुरवठा. क्लासवाले जे शिकवतात ते पोरं शिकतात, पोरं जे शिकतात त्यात कंपन्या काम करतात, आणि कंपन्या ज्यात काम करतात ते क्लासवाले शिकवतात. हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबवणं अवघड.

५. लँग्वेजच्या घरातलं भांडण. हे कारण कुणी सांगत नाही. पर्लची पुढची आवृत्ती, पर्ल ६, २००० मध्ये जाहीर झाली आणि वापरता येण्याजोगी व्हायला २०१५ उजाडलं. तोवर लोक कंटाळून निघून गेले. शेवटी २०१९ मध्ये तिचं नाव बदलून राकू ठेवावं लागलं. पायथनचंही तसंच होता होता राहिलं. पायथन ३ आली २००८ मध्ये, पण जुना कोड तिच्यात जसाच्या तसा चालत नव्हता. पायथन २ बंद करायला १ जानेवारी २०२० पर्यंत थांबावं लागलं. पायथन तगली, कारण मधल्या काळात डेटा सायन्सवाल्यांनी तिला उचलून धरलं.

उलट पीएचपीचं बघा. सगळ्यांनी तिला मोडीत काढलं होतं. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ आली आणि बऱ्याच साइट जवळपास दुप्पट वेगाने धावायला लागल्या. तेच गाव, तोच रस्ता, फक्त इंजिन बदललं.

"नंबर वन" चे आकडे कसे वाचायचे?

आता डेव्हलपर तुम्हाला मोबाइलवर एखादा चार्ट दाखवेल. "बघा सर, नंबर वन!" तेव्हा एकच प्रश्न विचारा. हा नंबर नेमका काय मोजून काढलाय?

टायोबे इंडेक्स हा नेदरलँड्समधल्या एका कंपनीचा. तो मुख्यतः सर्च इंजिनांवर त्या लँग्वेजच्या नावाने किती पानं सापडतात त्यावरून काढतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथे पायथन पहिल्यांदा एक नंबरवर आली. पण लोक पायथन बॅकएंडसाठी वापरतात, की शाळेत शिकवतात, की डेटासाठी वापरतात, हे तो आकडा सांगत नाही.

स्टॅक ओव्हरफ्लोचा सर्व्हे दरवर्षी डेव्हलपर लोकांनाच प्रश्न विचारतो. तिथे वापरात बहुतेक वर्षं जावास्क्रिप्ट पुढे राहिली आहे. आणि आवडीचं विचारलं, तर रस्ट नावाची लँग्वेज २०१६ पासून दरवर्षी पहिली येते. पण आवडती असणं वेगळं आणि तुमच्या गावात तिचं काम करणारा माणूस मिळणं वेगळं!

गिटहबवर लोक आपला कोड ठेवतात. तिथे २०२४ मध्ये पायथनने जावास्क्रिप्टला मागे टाकलं आणि २०२५ मध्ये टाइपस्क्रिप्ट पहिली आली. टाइपस्क्रिप्ट म्हणजे मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेली, जावास्क्रिप्टचीच शिस्तबद्ध बहीण.

आणि डब्ल्यू थ्री टेक्स ही संस्था प्रत्यक्ष चालू असलेल्या वेबसाइट तपासते. ज्या साइटची मागची लँग्वेज ओळखता येते, त्यांतल्या जवळपास पाऊण साइट आजही पीएचपीवर आहेत. त्याचं मोठं कारण वर्डप्रेस. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात.

म्हणजे एकाच वेळी पायथन, जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट आणि पीएचपी या चारही "नंबर वन" आहेत! प्रत्येक जण आपल्याला सोयीचा चार्ट दाखवतो. कुणी खोटं बोलत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातल्या एकाही चार्टमध्ये नाही.

मोठ्यांच्या गोष्टींमधून आपण काय घ्यायचं?

फेसबुक. पीएचपी कमी पडायला लागली तेव्हा त्यांनी ती टाकून दिली नाही. तिला वेगवान करणारी साधनं स्वतः बनवली आणि पुढे २०१४ मध्ये तिच्यातूनच हॅक नावाची लँग्वेज काढली. हा खर्च त्यांना परवडला, कारण तोवर गिऱ्हाईक आलेलं होतं.

ट्विटर. रेल्सवर सुरू झालं, गर्दी झाली की साइट बसायची. पुढे त्यांनी बराच बॅकएंड स्काला आणि जावाच्या कुळात हलवला. लोक हे उदाहरण देऊन म्हणतात, "बघा, रेल्स चालत नाही." पण शॉपिफाय आजही रेल्सवरच आहे आणि जगभरातली लाखो दुकानं सांभाळतंय. लँग्वेज तीच, निकाल वेगळा. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण सॉफ्टवेअरलाही लागू पडते.

शॉपिफाय. याची सुरुवात तर आपल्यासारख्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. कॅनडात टोबी ल्युटके आणि त्यांच्या जोडीदारांना २००४ मध्ये इंटरनेटवर स्नोबोर्ड विकायचे होते. बाजारातलं दुकानाचं सॉफ्टवेअर पटेना, म्हणून त्यांनी तेव्हा अगदी नवीन असलेल्या रेल्सवर स्वतःचं बनवलं. मग लक्षात आलं की स्नोबोर्डपेक्षा हे सॉफ्टवेअरच जास्त लोकांना हवंय. २००६ मध्ये शॉपिफाय सुरू झालं.

ईआरपीनेक्स्ट. हे आपल्या मुंबईचं. ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा धंदा. त्यासाठी ईआरपी सॉफ्टवेअर हवं होतं. त्यातून त्यांनी स्वतःचं सॉफ्टवेअर उभं केलं, पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये, आणि ते ओपन सोर्स ठेवलं. आज देशोदेशीचे लहान-मध्यम उद्योग हिशेब, स्टॉक आणि उत्पादनासाठी ते वापरतात. पायथनची लाट येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

व्हॉट्सॲप. त्यांनी निवडली एरलँग. ही लँग्वेज एरिक्सन या टेलिफोन कंपनीत १९८० च्या दशकात जन्मली. लोकप्रियतेच्या यादीत ती कायम खाली. पण एकाच वेळी लाखो कनेक्शन सांभाळणं हेच तिचं मूळ काम. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलर्सना घ्यायचं ठरवलं तेव्हा ४५ कोटी वापरकर्ते होते आणि कर्मचारी होते साधारण पंचावन्न.

या पाचांपैकी कुणीही चार्ट बघून लँग्वेज निवडली नाही. हाताशी कोणतं कौशल्य आहे आणि काम कसलं आहे, एवढंच बघितलं. आणि दुरुस्तीचा मोठा खर्च त्यांनी धंदा चालल्यावर केला, चालण्याआधी नाही. अंथरूण पाहून पाय पसरणं म्हणजे तरी दुसरं काय?

जुनी लँग्वेज मरत नाही, माणसं कमी होतात

१९५९ मध्ये आखलेली कोबोल आजही बँकांमध्ये आणि सरकारी खात्यांमध्ये चालू आहे. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या काळात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेरोजगारभत्त्यासाठी अर्जांची रीघ लागली. जुन्या कॉम्प्युटरांवर ताण आला आणि गव्हर्नरना जाहीर आवाहन करावं लागलं, "कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत." लँग्वेज चालू होती. ती समजणारी माणसं रिटायर झाली होती.

आपल्याकडेही असंच झालं. एके काळी दुकानांचं बिलिंग आणि कारखान्यांचा पगार फॉक्सप्रोवर चालायचा. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये सांगून टाकलं की फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती येणार नाही आणि जानेवारी २०१५ मध्ये सपोर्टही संपला. ज्यांनी वेळेत आपला डेटा दुसरीकडे हलवला ते सुटले. जे "चालतंय ना, मग कशाला?" म्हणत बसले, त्यांचा धंदा एका जुन्या कॉम्प्युटरवर आणि एका जाणकारावर लटकून राहिला.

इथे एक बारीक गोष्ट समजून घ्या. लँग्वेज जुनी असण्यापेक्षा तिची आवृत्ती जुनी असणं जास्त धोक्याचं. पीएचपी जिवंत आहे, पण पीएचपी ५.६ ला २०१८ च्या अखेरीपासून सिक्युरिटी अपडेट मिळत नाहीत आणि ७.४ ला नोव्हेंबर २०२२ पासून. औषधाच्या बाटलीवर एक्स्पायरी डेट असते ना, तशी प्रत्येक आवृत्तीलाही असते. डेव्हलपरने "पीएचपी" सांगितलं की लगेच विचारा, "कुठलं व्हर्जन? त्याला सपोर्ट कधीपर्यंत आहे?"

मग तुमच्यासाठी काय योग्य?

हे धंद्याच्या प्रकारावर ठरतं.

फक्त माहिती आणि थोडे प्रॉडक्ट विकायचे आहेत: नवीन कोड लिहून घेऊच नका. वर्डप्रेस आणि त्यावरचं वूकॉमर्स, किंवा शॉपिफाय पुरेसं आहे. वर्डप्रेसवाला माणूस तालुक्याच्या गावीही मिळतो, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा.

आतला हिशेब, स्टॉक, खरेदी-विक्री: आधी तयार सॉफ्टवेअर बघा. टॅली आहे, ईआरपीनेक्स्ट आहे. तुमचा धंदा जगावेगळा आहे असं तुम्हाला वाटतं, पण तुमची खतावणी जगावेगळी नसते.

बुकिंग, डिलिव्हरी, सबस्क्रिप्शन असं स्वतःचं ॲप: पीएचपीचं लाराव्हेल, पायथनचं जँगो, नोड आणि टाइपस्क्रिप्ट, यांपैकी काहीही चालेल. रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेकडे या सगळ्यांसाठी जोडणीचं तयार सामान असतं. तुमच्या परिसरात ज्याचे किमान तीन-चार चांगले जाणकार मिळतात, ते घ्या.

धंद्याचा गाभाच डेटा किंवा एआय आहे: पायथनकडे झुका. त्या कामाचं बहुतेक तयार सामान तिथे आहे.

कंपन्यांना किंवा बँकांना सॉफ्टवेअर विकायचंय: तुमच्या गिऱ्हाइकाकडे जावा आहे की डॉट नेट, ते आधी विचारा. त्यांच्या घरात बसेल असंच फर्निचर न्यायला हवं.

आणि कुणी म्हणालं, "लाखो लोक एकाच वेळी आले तर? गो किंवा रस्टमध्येच करा," तर हसून सांगा, "पहिले शंभर ग्राहक येऊ देत." लाखो लोक आले तर बदलायला पैसेही आलेले असतील.

लँग्वेजपेक्षा महत्त्वाच्या सहा अटी

आता वहीत लिहून घ्या. लँग्वेज चुकली तर थोडं नुकसान होतं. या अटी चुकल्या तर धंदा दुसऱ्याच्या हातात जातो.

१. डोमेन तुमच्या नावावर. रजिस्ट्रेशनला तुमचा ईमेल, तुमचा मोबाइल. डेव्हलपरच्या नावावर डोमेन म्हणजे दुकानाची पाटी दुसऱ्याच्या मालकीची.

२. सर्व्हरचं खातं तुमचं. बिल तुमच्या कार्डावरून जाऊ दे. डेव्हलपरला फक्त वापरण्याचा ॲक्सेस द्या, जो तुम्ही कधीही काढून घेऊ शकता.

३. कोड तुमच्या खात्यात. गिटहबवर स्वतःच्या नावाने खातं उघडा आणि कोड तिथेच ठेवायला सांगा, पहिल्या दिवसापासून. शेवटचा हप्ता देताना पेनड्राइव्हवर मागण्यात अर्थ नाही.

४. मालकी लेखी. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक सहसा मालक असतो. पण बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक सहसा तो फ्रीलान्सरच, तुम्ही पूर्ण पैसे दिले तरी! हक्क तुमच्याकडे यायला त्याच्या सहीचा लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षांचीच धरतो. म्हणून करारात मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहून घ्या आणि एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला. त्याची फी नंतरच्या भांडणापेक्षा नक्कीच स्वस्त पडते.

५. डेटाचा बॅकअप, आणि तो उघडून दाखवणं. "बॅकअप आहे सर" यावर विश्वास ठेवू नका. तीन महिन्यांतून एकदा तुमच्यासमोर बॅकअपवरून सिस्टिम पुन्हा उभी करून दाखवायला सांगा. उघडत नाही तो बॅकअप नव्हेच.

६. दुसरा माणूस. कामाच्या मध्यावर एखाद्या तिसऱ्या जाणकाराला थोडी फी देऊन कोड दाखवा. एकच विचारा, "उद्या हा डेव्हलपर नसला तर तुम्ही हे पुढे नेऊ शकाल का?" उत्तर "नाही" आलं, तर लँग्वेज कितीही लोकप्रिय असो, तुम्ही अडकलेले आहात.

सगळं बदललं, एक गोष्ट टिकली

जाता जाता एक गंमत सांगतो. पर्ल गेली, पीएचपी आली, रेल्स आलं, नोड आलं. पण या सगळ्यांच्या मागे डेटा ठेवायला जी भाषा वापरली जाते ती एसक्यूएल, आणि ती १९७० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली. आजही मायएसक्यूएल असो की पोस्टग्रेस, तुमचे ग्राहक, त्यांच्या ऑर्डरी, त्यांची उधारी याच भाषेत विचारली जाते. ज्या तरुणांना स्वतः सॉफ्टवेअरचा धंदा करायचाय त्यांनी एक लँग्वेज खोलवर शिकावी आणि सोबत एसक्यूएल पक्की करावी. पहिली कदाचित दहा वर्षांनी बदलावी लागेल, दुसरी बदलायची वेळ येण्याची शक्यता फार कमी.

आणि ज्यांना फक्त ॲप बनवून घ्यायचंय, त्यांनीही यातून एवढं घ्यावं. लँग्वेज हे भाड्याचं घर आहे, डेटा हे तुमचं सामान. घर बदलता येतं. त्रास होतो, खर्च होतो, पण बदलता येतं. सामान दुसऱ्याच्या कुलपात असेल तर मात्र कुठलंच घर उपयोगाचं नाही.

तर या आठवड्याचा होमवर्क. ज्यांची वेबसाइट किंवा ॲप आधीच चालू आहे त्यांनी चार गोष्टी तपासायच्या: डोमेन कुणाच्या नावावर आहे, सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडे आहे, लँग्वेजचं व्हर्जन कोणतं आहे आणि शेवटचा बॅकअप कुठल्या तारखेचा आहे. ज्यांचं काम अजून सुरू व्हायचंय त्यांनी वरच्या सहा अटी कागदावर लिहून पुढच्या मीटिंगला न्यायच्या आणि ॲडव्हान्सचा विषय निघण्याआधी त्या टेबलावर ठेवायच्या. चांगला डेव्हलपर त्या वाचून खूश होईल, कारण समोरचा गिऱ्हाईक जाणता आहे हे त्याला कळेल. जो नाराज होईल, त्याची लँग्वेज कोणती हे विचारायची गरजच उरणार नाही.